परवाना माणसाला मिळतो, घराला कोण विचारतं?

मा. जिल्हादंडाधिकारी, गोंदिया यांस


हे पत्र खुलं आहे, कारण ते व्यक्तीला नाही, खुर्चीला लिहिलं आहे. आपली बदली होईल, दुसरे येतील. गृह शाखेतल्या फायली मात्र इथेच राहतात, आणि त्या फायलींवर सही होऊन बाहेर पडलेली हत्यारंही याच जिल्ह्यातल्या कपाटांत राहतात. त्यातली काही कपाटं आता फ्लॅटमध्ये असणार आहेत. बोलायचं आहे ते त्याबद्दल.

मी मुर्रीत राहतो. गोंदिया शहर कुठे संपतं आणि मुर्री कुठे सुरू होतं, हे नवख्या माणसाला आता सांगता येत नाही. जिथे धानाच्या बांध्या होत्या तिथे प्लॉट पडले, प्लॉटवर घरं झाली, आणि मग फ्लॅट स्कीम आल्या. उन्हाळ्यात आमच्या मागच्या गल्लीत घरफोड्या झाल्या, आणि तेव्हापासून माझ्याकडे एकच प्रश्न येतो. "सर, घ्याचीच आहे. कोणती घेऊ तेवढं सांगा." शाळेत माझ्याकडे एनसीसी होती. पॉइंट टू-टूच्या रायफलीवर पोरांना नेम धरायला शिकवायचो. तेवढ्या भांडवलावर लोकांनी मला हत्यारांचा जाणकार ठरवलं आहे.

विचारणारे कोणी दादा-भाई नाहीत. एक राईस मिलचे दिवाणजी आहेत, ज्यांना हंगामात रोकड घेऊन घरी यावं लागतं. एक बँकेतले गृहस्थ आहेत. आणि एक बाई आहेत, ज्यांचे यजमान रेल्वेत लोको पायलट असल्याने अर्ध्या रात्री त्या दोन मुलांसह एकट्याच असतात. भीती तिघांचीही खरी आहे. या तिघांना काय उत्तर द्यावं याचा विचार करताना लक्षात आलं, की उत्तराचा अर्धा भाग आपल्या कार्यालयाकडे आहे.

आधी बाजारात मिळतं काय ते सांगतो, कारण सिनेमा आणि मोबाइल पाहून लोकांच्या डोक्यात भलतंच असतं. नऊ एमएमचं पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये येतं, त्याचा परवाना जिल्ह्यातून मिळत नाही. परदेशी हत्यार आयात करण्याची सामान्य माणसाची वाट १९८० च्या दशकातच जवळजवळ बंद झाली. त्यामुळे जुनी विलायती पिस्तुलं हातोहात फिरतात आणि त्यांची किंमत कित्येक लाखांत जाते. उरतं ते पॉइंट थर्टी-टूचं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, बारा बोअरची बंदूक, आणि पॉइंट तीनशे पंधराची रायफल. रिव्हॉल्व्हर कानपूरचं, ‘अशनी’ पिस्तूल इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर, २०१४ च्या जानेवारीत, कानपूरच्या कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचं अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचं रिव्हॉल्व्हर काढलं आणि ते महिलांसाठी असल्याचा गाजावाजा केला. तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये. ज्या बाईला रात्रीच्या शेवटच्या बसने घरी जावं लागतं तिच्या वर्षभराच्या कमाईइतकी ही रक्कम, तेव्हा ‘महिलांसाठी’ म्हणजे नेमकं कोणत्या महिलांसाठी, हे कारखान्यालाच ठाऊक. २०२३ मध्ये ‘प्रबल’ आलं. त्याचा पल्ला पन्नास मीटर, असं कौतुकाने छापून आलं. आमच्या हॉलची लांबी सोळा फूट आहे.

कायद्याची पसंती वेगळीच आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम १३ आपल्याला पाठ असेल, वाचकांसाठी सांगतो. संरक्षण किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला, आणि पीक राखण्यासाठी नळीच्या तोंडातून दारू ठासायची भरमार मागणाऱ्याला, नाकारण्याचं कारण नसेल तर परवाना द्यावा, असा त्या कलमाचा रोख आहे. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलासाठी मात्र अर्जदाराला सबळ कारण असल्याची खात्री आपल्याला पटावी लागते. हा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वाडा होता, अंगण होतं, धुऱ्यावर उभं राहून रानडुकरं हाकलणारा शेतकरी होता. दोन खोल्या-किचनचा तिसरा मजला नव्हता. आपल्या जिल्ह्यात तर ही गोष्ट हाताने दाखवता येते. नवेगावबांध-नागझिऱ्याच्या कडेच्या गावात, जिथे रात्रीतून धान लोळवला जातो, तिथे बारा बोअरला अर्थ आहे. तीच बंदूक मुर्रीच्या फ्लॅटमध्ये आणली की काय होतं? सर्रास दिसणाऱ्या दुनळीची नळीच अठ्ठावीस-तीस इंच, दस्त्यासकट अख्खी बंदूक पंचेचाळीस इंचांच्या घरात. बेडरूमचा दरवाजा तीन फूट. ती आडवी धरून दरवाजातून बाहेर येऊन बघा.

माझ्याकडे येणाऱ्यांचा असा समज असतो की दुनळीला नेम लागत नाही, छर्रे पसरतात आणि समोरचं सगळं झाकून जातं. दहा-पंधरा फुटांवर छर्रे पसरतच नाहीत म्हटलं तरी चालेल, तळहाताएवढ्या जागेतच बसतात. म्हणजे नेम चुकला की सगळेच छर्रे भलतीकडे जातात. आणि भलतीकडे म्हणजे कुठे, हाच फ्लॅटचा खरा प्रश्न आहे. गावातल्या घराच्या मागे परसबाग असते. फ्लॅटच्या प्रत्येक भिंतीमागे कुणीतरी झोपलेलं असतं. पॉइंट थर्टी-टूची गोळी तशी मंद. चार इंची विटेच्या भिंतीत ती बहुधा अडकेल. रायफलीच्या गोळीची मात्र खात्री देता येत नाही, म्हणून फ्लॅटमध्ये रायफल हा विचारच नको. पण गोळी काय फक्त भिंतीलाच लागते? फ्लश डोअर आहे, प्लायवूडचं पार्टिशन आहे, खिडकीची काच आहे, बाथरूमच्या डक्टला लावलेला पत्रा आहे. यातलं काहीही पिस्तुलाच्या गोळीला अडवणारं नाही. कॉलमला किंवा बीमला लागली तर कुठे वळेल ते गोळी चालवणाऱ्याच्या हातात नाही. शिवाय आवाज. बंद खोलीत गोळी सुटली की दीडशे डेसिबलच्या वरचा दणका बसतो. कान बधिर होतात, आणि तुमचंच मूल दुसऱ्या खोलीतून हाक मारत असेल तर ती ऐकू येत नाही.

त्या लोको पायलटच्या पत्नीला मी एवढंच विचारलं, "रात्री तीन वाजता लॅचमध्ये किल्ली फिरली, तर तो चोर की साहेब?" गोंदिया जंक्शन आहे. हावडा-मुंबई मार्गावर गाड्या रात्रभर धावतात आणि ड्यूटी कधी संपेल याचा नेम नसतो. त्या म्हणाल्या, "ते आधी फोन करतात." मी म्हटलं, "मग ज्या दिवशी बॅटरी संपेल त्या दिवसाचं काय?" त्या गप्प राहिल्या. मलाही पुढे काही बोलवलं नाही.

आता सांगायची खरी अडचण. हत्यार कुलपात, रिकामं, काडतुसं वेगळी, असं ठेवलं तर ते सुरक्षित. पण बेडपासून दरवाजा दहा-बारा फुटांवर असलेल्या घरात ते वेळेवर हाती येणं कठीण. भरून उशाशी ठेवलं तर वेळेवर हाती येईल, पण मग ते घरातल्या प्रत्येकाच्या हाती येईल, आठ वर्षांच्या पोराच्यासुद्धा. वाड्यात या दोन टोकांच्या मध्ये थोडी जागा होती. दिंडी, अंगण, पडवी, माजघर ओलांडून कोणी येईपर्यंत माणूस जागा व्हायचा, कुत्रं भुंकायचं. फ्लॅटमध्ये ती मधली जागा नाही. दुकानदार हे सांगत नाही. आपल्या अर्जाच्या नमुन्यातही हे विचारलेलं नाही.

शिवाय चोर तरी येतो केव्हा? आपल्याच जिल्ह्यातली कुठलीही बातमी काढून पाहा. ‘बंद घराचे कुलूप तोडून’ अशीच ती सुरू होते. लग्नसराई, दिवाळी, शाळेच्या सुट्ट्या. घरफोडी करणाऱ्याला आपण समोर नकोच असतो. तो येतो तेव्हा रिव्हॉल्व्हरचा मालक बालाघाटला किंवा नागपूरला लग्नात जेवत असतो आणि रिव्हॉल्व्हर कपाटात असतं. दागिन्यांबरोबर तेही जातं. म्हणजे ज्याला भिऊन हत्यार घेतलं, त्याच्याच हाती ते पोचतं.

मग घरातलं परवान्याचं हत्यार चालतं कोणावर? आपल्या महाराष्ट्राने हे पाहिलं आहे. २२ एप्रिल २००६ ची सकाळ, वरळीतला फ्लॅट, प्रमोद महाजन आणि त्यांचे सख्खे धाकटे बंधू. पिस्तूल पॉइंट थर्टी-टूचं ब्राउनिंग, परवान्याचं. महाजन ३ मे रोजी गेले, भावाला जन्मठेप झाली. तिथे ना चोर होता ना दरोडेखोर. भावाभावांतला राग होता, आणि हाताशी हत्यार होतं. २४ जुलै २०२३ ला पुण्यात बाणेरला एका सहायक पोलीस आयुक्तांच्या घरात पत्नी आणि पुतण्या गोळ्यांनी मेले आणि नंतर त्यांनी स्वतःलाही संपवलं. प्रशिक्षण नव्हतं असं या घराबद्दल कोण म्हणेल? १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे अभिनेता गोविंदा यांच्या स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी त्यांच्या पायात घुसली. हत्यार कपाटात ठेवताना हातातून सुटलं, असं सांगण्यात आलं. आणि ८ फेब्रुवारी २०२४ ला मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या ते मारणाऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होतं. परवाना एकाचा, बोट दुसऱ्याचं.

ही चार मोठी प्रकरणं आहेत, म्हणून लक्षात राहिली. यावरून हिशेब मांडता येत नाही, हे मान्य. हिशेब मांडला तो अमेरिकेतल्या डॉक्टरांनी. आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांनी मेम्फिस, सिॲटल आणि गॅल्व्हेस्टन या तीन शहरांतल्या घरगुती गोळीबारांच्या नोंदी तपासून १९९८ मध्ये सांगितलं, की घरातली बंदूक स्वसंरक्षणासाठी किंवा कायद्याला मान्य अशा कारणासाठी एकदा चालली, तर अपघाताने चार वेळा, हल्ल्यात किंवा खुनात सात वेळा आणि आत्महत्येच्या प्रयत्नात अकरा वेळा चालली. अमेरिकेत या आकड्यांवर आजही भांडणं आहेत, आणि तिथली घरं व तिथल्या बंदुका आपल्यासारख्या नाहीत. तरीही अकरा हा आकडा मला स्वस्थ बसू देत नाही. ज्या घरात कर्ज आहे, आजारपण आहे, बारावीचा निकाल लागायचा आहे, त्या घराला मी ‘कोणती घेऊ’ याचं उत्तर कसं देऊ?

लोकांचा दुसरा गैरसमज कायद्याबद्दल आहे. "घरात घुसला ना सर, मग ठोकला तरी चालते." पूर्ण खोटंही नाही आणि पूर्ण खरंही नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खासगी संरक्षणाचा हक्क तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, म्हणजे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतला ९६ ते १०६ चा भाग. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घर फोडून आत शिरणाऱ्याविरुद्ध हा हक्क जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. पण बचावासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. दर्शन सिंह विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की संकटात सापडलेल्या माणसाने भेकडासारखं पळून जावं अशी अपेक्षा कायदा करत नाही. त्याच निकालात मर्यादाही घातलेल्या आहेत. फ्लॅटसाठी तर कलम ४४ मुद्दाम वाचावं. जिवावरच्या हल्ल्याला तोंड देताना निरपराध माणसाला इजा होण्याचा धोका पत्करल्याशिवाय गत्यंतरच नसेल, तर कायदा तो धोका पत्करू देतो. पण टीव्ही घेऊन जिन्यावरून पळणाऱ्या चोरावर झाडलेली गोळी समोरच्या फ्लॅटमधल्या आजीला लागली तर या कलमाचा आधार मिळणार नाही. तिथे शस्त्र अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने आलेली तरतूद उभी राहते. निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मरण ओढवलं तर गुन्हा त्याहून मोठा. आणि गोळी बरोबर जागी लागली तरी हत्यार जप्त होतं, पंचनामा होतो, आणि ‘हक्क होता’ हे सिद्ध करायला पुढची काही वर्षं गोंदियाच्या कोर्टात जातात.

हे सगळं ऐकून बँकेतले गृहस्थ म्हणाले, "म्हणजे घेऊच नको म्हणता?" मी सरसकट तसं म्हणत नाही. दिवाणजींचा धोका खरा आहे. सराफांचा, पेट्रोल पंपवाल्यांचा, सालेकसा-देवरीकडे एकेकाळी धमकीच्या चिठ्ठ्या मिळालेल्या माणसांचा धोका खरा आहे. त्यांनी घ्यायचीच ठरवली, तर फ्लॅटसाठी मी रिव्हॉल्व्हर सांगेन, पिस्तूल नाही. पिस्तुलाचं मॅगझिन काढलं तरी चेंबरमध्ये एक गोळी राहू शकते, आणि ‘रिकामं होतं’ म्हणून झालेले अपघात बहुतेक त्या एका गोळीचे. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर उघडलं की सगळी घरं डोळ्यांना दिसतात, भरलेली आणि रिकामीही. ते भिंतीत बोल्ट मारून बसवलेल्या लोखंडी पेटीत राहावं. पेटीची किल्ली देवघरातल्या डबीत नको, तिथली जागा घरातल्या मोलकरणीलाही माहीत असते. आणि ज्याला वर्षातून काही वेळा सरावाला जाऊन काडतुसं झाडायची नाहीत, त्याने घेऊच नये. हत्यार घेऊन कपाटात ठेवणाऱ्याचा हात ऐन वेळी थरथरतो. शाळेच्या रेंजवर पुठ्ठ्याच्या निशाणीसमोरही पोरांचे हात थरथरताना मी पाहिले आहेत.

देशी कट्ट्याचा विषय निघतोच, म्हणून सांगतो. जळगाव जिल्ह्याच्या सीमेपलीकडच्या उमर्टीचं नाव साऱ्या महाराष्ट्राच्या पोलिसांना पाठ आहे, आणि आपणही मध्य प्रदेशाच्या सीमेवरच आहोत. विनापरवाना हत्यार बाळगण्याची शिक्षा २०१९ पासून किमान दोन वर्षं आहे. शिवाय कट्टा समोरच्यावर फुटेल की हातात, हे तो बनवणाऱ्यालाही माहीत नसतं.

आता आपल्याकडे काय मागायचं ते.

अर्ज आला की आपण पोलिसांचा अहवाल मागवता. माणसावर गुन्हे आहेत का, शेजारी काय म्हणतात, हे तपासलं जातं. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, शरीर-मनाच्या प्रकृतीचा डॉक्टरी दाखला लागतो, सुरक्षित साठवणुकीचं हमीपत्र लागतं. म्हणजे माणूस चांगला तपासला जातो. घर मात्र कागदावरच राहतं. हमीपत्र ही सहीची गोष्ट आहे. पेटी खरोखर भिंतीत बसवली आहे का, ते सहीवरून कळत नाही. माझी पहिली विनंती एवढीच, की परवाना देण्याआधी पोलीस पाटलाने किंवा बीट अंमलदाराने त्या घरात जाऊन पेटी पाहावी. फ्लॅट असेल तर भिंती पाहाव्या, पलीकडे कोण झोपतं ते विचारावं. नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा पाहावं. पूर्वी परवाना तीन वर्षांचा होता, आता पाच वर्षांचा आहे. पाच वर्षांत घरात मूल जन्मून शाळेत जायला लागतं.

दुसरी विनंती अवघड आहे. अर्जदाराच्या पत्नीशी, किंवा अर्जदार बाई असेल तर तिच्या पतीशी, आणि घरातल्या प्रौढ मुलांशी कोणीतरी स्वतंत्रपणे बोलावं. अर्जदाराच्या समोर नव्हे. घरात मारहाण आहे का, दारू आहे का, कोणी गोळ्या घेऊन झोपतं का, हे शेजाऱ्याला माहीत नसतं किंवा तो सांगत नाही. घरातल्या माणसाचं ‘नको’ हे कायद्याने नाकारण्याचं कारण ठरो न ठरो, ‘सबळ कारण’ तोलताना आपण ते तागडीत टाकू शकता. डॉक्टरच्या दाखल्यापेक्षा मला त्या ‘नको’चं वजन जास्त वाटतं.

तिसरी गोष्ट वारशाची, आणि मुर्रीसारख्या गावात ती सगळ्यात मोठी आहे. फ्लॅटमधलं पहिलं हत्यार पुष्कळदा कोणी निवडलेलंच नसतं. ते गावाहून येतं. २०१६ च्या नियमांतल्या २५ व्या नियमाने परवानाधारक गेल्यावर, किंवा त्याला सत्तर वर्षं झाल्यावर, किंवा हत्यार पंचवीस वर्षं बाळगल्यावर ते वारसाच्या नावावर होऊ शकतं. आजोबांनी धान राखायला घेतलेली दुनळी अशी नातवाकडे येते. नातू इथे फ्लॅटमध्ये, शेत ठोक्याने दिलेलं, रानडुक्कर त्याने मोबाइलवरच पाहिलेलं. बंदूक वारशाची म्हणून भावनेने ठेवली जाते आणि एक दिवस घरफोडीच्या बातम्या वाचून तिच्यात काडतुसं भरली जातात. वारसाहक्काच्या फायलीत ‘पूर्वीचा उद्देश काय होता आणि आता काय आहे’ असा एक प्रश्न घाला. पीकसंरक्षणाची बंदूक फ्लॅटमध्ये कशाचं संरक्षण करते, ते त्याला लिहू द्या. ज्यांना लिहिता येणार नाही, ते बहुधा स्वतःच ती जमा करतील किंवा विकतील. आपल्या शेजारच्या गडचिरोलीत गावकऱ्यांनी पोलिसांकडे भरमार बंदुका जमा केल्या आहेतच.

परवाना हे मोठेपणाचं लक्षण झालं की काय होतं, ते बीडने दाखवलं. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला आणि मग त्या जिल्ह्यात हजारावर परवाने असल्याचं राज्याला कळलं. फेरतपासणी झाली, शंभरावर परवाने रद्द झाले. खून पडण्याआधी ती फेरतपासणी का झाली नाही, याचं उत्तर ज्या खुर्चीने द्यायचं, तशीच खुर्ची आपल्याकडे आहे. आपल्या जिल्ह्यात परवाने किती, त्यातले फ्लॅटमध्ये किती, पीकसंरक्षणाचे किती आणि त्यांपैकी शेती करणारे अजून किती, एवढे आकडे नावं न देता कार्यालयाच्या फलकावर लावता येतील.

काही जण म्हणतील, हत्यार बाळगणं हा नागरिकाचा हक्क आहे, अधिकाऱ्याने घरात डोकावू नये. हा वाद जुना आहे आणि तो हलक्याने घेऊ नये. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने आपल्याला निःशस्त्र केलं, तो सल खरा होता. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. संविधान सभेत १९४८ च्या डिसेंबरात हरी विष्णू कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. कामत मध्य प्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच प्रांताचे. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. स्वतंत्र देशात परिस्थिती बदलली आहे, हा त्यांचा मुद्दा होता. त्यामुळे आपल्याकडे शस्त्र हा हक्क झाला नाही, परवाना राहिला. परवाना देणाऱ्याला प्रश्न विचारण्याची मुभा असते, आणि माझ्या मते ती जबाबदारीही आहे.

निवडणुकीचंही एक सांगून टाकतो. आचारसंहिता लागली की आत्मसंरक्षणासाठी घेतलेलं हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येते. सरसकट सगळ्यांना नोटीस देऊ नका, छाननी समितीने एकेक प्रकरण पाहावं, असं मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका प्रकरणात २००९ मध्येच सांगितलं आहे. छाननी समितीसमोर नाव येईल तेव्हा एक गोष्ट विचारा. हत्यार जमा असताना गेल्या वेळी या माणसाचं काय बिघडलं? काहीच नसेल, तर निवडणूक झाल्यावर त्याने ते परत का न्यावं, यावर त्याच्याशी दहा मिनिटं बोला.

माझ्या तीन शेजाऱ्यांचं काय झालं, तेही कळवतो. बँकेतल्या गृहस्थांनी लोखंडी जाळीचा दरवाजा, आतून आडवी कडी आणि जिन्यात हालचालीने लागणारा दिवा बसवला, हत्याराच्या किमतीच्या पंधराव्या भागात. लोको पायलटच्या पत्नीने मिरचीचा स्प्रे घेतला, ११२ हा क्रमांक मुलांना पाठ करून घेतला, आणि आमच्या मजल्यावर आता रात्री कुणाची कडी वाजली की दोन दारं उघडतात. दिवाणजींनी अर्ज केला आहे, रिव्हॉल्व्हरसाठी. तो आपल्या गृह शाखेत पोचला असेल. त्यांना दोन नातवंडं आहेत, मोठा सहा वर्षांचा आहे आणि खुर्चीवर चढून कपाटाचा वरचा कप्पा उघडतो. त्यांच्या मिलमालकाला रोकड घरी न नेता बँकेत भरण्याची सोय करायला कोणी सांगितलं, तर कदाचित अर्जाचं कारणच उरणार नाही. मी सांगून पाहिलं, माझं कोण ऐकतं? पण दिवाणजींच्या घरी कोणाला पाठवायचं ठरलं, तर पेटी कुठे बसवणार आहेत ते आधी पाहायला सांगा. भिंत पार्टिशनची आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक आणि सदनिकाधारक
मुर्री, ता. जि. गोंदिया